भीड आणि भाडं

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या बोलीत 'टांगारू' असा एक शब्द आहे. बुधवारी 'मी नक्की' म्हणणारा आणि शनिवारी रात्री साडेनऊला 'अरे, जमत नाहीये यार' असा निरोप टाकणारा तो टांगारू. शब्दात शिवी नाही, थट्टा आहे. माझी तक्रार नेमकी या थट्टेवर आहे. टांगारू थट्टेवारी सुटतो आणि त्याच्या मोकळ्या सीटचं भाडं बाकीचे भरतात.

एक उदाहरण देतो, माझ्याच ग्रुपमधलं. हरिश्चंद्रगडाचा बेत होता, पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने. बारा जणांनी होकार दिला म्हणून नऊ हजारांत टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. माणशी ७५०. निघताना आठच जण उगवले. गाडीवाल्याचे नऊ हजार नऊच राहिले, कारण गाडीत बारा बसलेत की आठ याच्याशी डिझेलला काही देणंघेणं नसतं. माणशी आकडा ११२५ वर गेला. आमच्यात एक कॉलेजातला मुलगा होता. त्याने घरून मोजून हजार रुपये आणले होते, जेवणखाण धरून. तो काही बोलला नाही. कुणाकडून तरी उसने घेतले, गड केला, कोकणकड्यावर सगळ्यांचे फोटो काढून दिले आणि पुढच्या वेळी 'परीक्षा आहे' असं कळवलं. त्याच्या पुढच्या वेळीही परीक्षाच होती.

जे चार जण आले नाहीत त्यांना आम्ही काय म्हणालो? टांगारू! हसलो आणि विसरलो. त्या मुलाला आपण काय केलं हे माझ्या डोक्यात यायला मात्र दोन-तीन महिने गेले.

'मैत्रीत कसला हिशेब' हे वाक्य मी आजवर पुष्कळ ऐकलं आहे. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, की ते बहुतेक वेळा ज्याचं देणं निघतं त्याच्या तोंडून येतं. ज्याचं येणं असतं तो गप्प असतो. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्याकडे म्हणतात, ते या बाबतीत तरी शब्दशः खरं आहे. सहलीच्या खर्चात प्रत्येक ग्रुप कुणाला ना कुणाला सवलत देतच असतो. प्रश्न एवढाच, की ती कुणाच्या खिशातून जाते आणि त्याला विचारलेलं असतं का. काहीच ठरवलं नाही तर ती भिडस्ताच्या खिशातून बिनधास्ताच्या खिशात जाते. म्हणून निघण्याआधी, उघडपणे, आकड्यांत ठरवावं असं माझं म्हणणं आहे. याला कंजूषपणा म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

आता 'ठरवावं' म्हटलं की लोकांना एकच उपाय सुचतो: सगळ्या खर्चाची बेरीज भागिले डोकी. मोबाइलवरची अॅप्सही तेच झटकन करून देतात. समान वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी हा समज इतका पक्का आहे, की त्याला हात लावला की माणसं बिचकतात. पण परतीच्या वाटेवर ओतूर-आळेफाट्याच्या एखाद्या ढाब्यावर बसून बघा. बिल सारखं वाटायचं आहे हे माहीत असलं की टेबलावर काय काय येतं! एरवी डाळ-रोटीवर भागवणारा माणूस 'चला, आज मटण होऊन जाऊ दे' म्हणतो. इस्रायलमध्ये उरी ग्नीझी हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर चक्क प्रयोग केला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांना हॉटेलात बसवलं. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं त्यांचा माणशी खर्च सरासरी ३७ शेकेलच्या आसपास झाला. बिल सहांत सारखं वाटायचं होतं तिथे तो ५१ वर गेला. जिथे प्रयोग करणारेच पैसे भरणार होते तिथे ८२ वर. फुकटचं खाताना माणूस सुटतो हे कळायला प्रयोगाची गरज नव्हती. पण अर्धवट फुकटचं खातानाही तो सुटतो, आणि त्या टेबलावर खरोखर डाळ-रोटीच खाणारा एखादा असतो, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो. आमच्यात तो शाकाहारी असतो, किंवा ज्याची चतुर्थी आहे तो. त्याच्याकडून गावठी कोंबडीचे पैसे घेताना कुणाला काही वाटत नाही.

म्हणून खर्चाचे मुळात दोन कप्पे करावेत. एक असा, जो माणसं किती आली यावर हलत नाही: गाडी, तंबूचं भाडं, वाटाड्या. दुसरा, जो ज्याच्या त्याच्या पोटाला चिकटलेला आहे: जेवण, चहा, प्रवेशशुल्क. दुसऱ्याला 'तू तुझं मी माझं' हाच नियम पुरे. दारूचं तर बोलूच नका. ती गडावर नकोच, आणि खाली उतरून कुणी घेतलीच तर तिचा रुपयासुद्धा वर्गणीत येता कामा नये.

भांडण होतं ते पहिल्या कप्प्यावरून. त्यातही सर्वांत मोठा, आणि सर्वांत गप्पपणे सोसला जाणारा अन्याय होतो तो ज्याच्या स्वतःच्या गाडीतून आपण जातो त्याच्यावर. 'पेट्रोल वाटून घेऊ' म्हटलं की आपलं कर्तव्य संपतं. जरा मांडून बघू. पुण्याहून पाचनई जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरू. गाडी लिटरला पंधरा देते, पेट्रोल १०५ रुपये, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. एकूण २४५०, चौघांत माणशी सहाशेच्या थोडं वर. पण गाडी काय फक्त पेट्रोल पिते? वीसेक हजारांचे चार टायर चाळीस हजार किलोमीटर चालतात, म्हणजे किलोमीटरला आठ आणे. दर दहा हजार किलोमीटरला सात-साडेसात हजार रुपयांचं सर्व्हिसिंग, म्हणजे बारा आणे. गाडीची किंमत उतरते त्याचे आणखी बारा आणे धरा, हे मी कमीच धरतोय. झाले नऊ रुपये. एका फेरीत वरचे सातशे रुपये गाडीवाला एकटा सोसतो. त्यातला त्याचा स्वतःचा वाटा पावणेदोनशे. उरलेले ५२५ रुपये बाकीच्या तिघांनी त्याच्याकडून नकळत घेतलेले असतात. वर्षाला दहा ट्रेक म्हटले तर सव्वापाच हजार. शिवाय कोतूळच्या पुढच्या खड्ड्यांत सायलेन्सर घासला तर तो त्याचा, आणि रात्रभर न झोपता चालवतो तोही तोच. आपण मागच्या सीटवर घोरत असतो.

हे मोजणं विचित्र वाटत असेल तर एवढंच सांगतो, की सरकारंही ते मोजतात. कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये २०११ साली मैलाला ४५ पेन्स असा करमुक्त दर ठरला, पहिल्या दहा हजार मैलांपर्यंत. इंधनाबरोबर झीज, देखभाल, विमा सगळं त्यात धरलेलं. सोबत सहकारी बसला तर त्याच्यामागे आणखी ५ पेन्स. आपल्याकडे नऊ रुपये मागितले तर 'टॅक्सी लावली का' असं ऐकावं लागतं. या टोमण्यात एक बरोबर गोष्ट मात्र आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाड्याने माणसं न्यायला परवाना लागतो, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. म्हणून गाडीवाल्याने कमवायचं नाही. प्रत्यक्ष खर्च वाटून घ्यायचा, आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटाही असायचा. 'तू गाडी आणलीस, तुझं माफ' हा जो दिलदार तोडगा निघतो, तो बाकीच्या तिघांनी मिळून आनंदाने दिला तर जरूर द्यावा. पण टायरचे पैसे न देता तो दिला तर त्यात दिलदारी कसली?

वाटेत चढणाऱ्यांचा प्रश्नही असाच. तिघं पुण्यातून निघाले, चौथा नारायणगावला बसला. सारखी वाटणी केली तर त्याच्या डोक्यावर पुणे ते नारायणगावचा भार येतो, जिथे तो गाडीत नव्हताच. यावर जगात विचार झालेला आहे, आणि तोही विमानतळाच्या धावपट्टीवरून. छोट्या विमानाला आखूड पट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग पट्टीचा खर्च कसा वाटायचा, हा प्रश्न लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघा अभ्यासकांनी १९७३ साली सोडवला. पहिल्या तुकड्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, पुढच्या तुकड्याचा फक्त ज्यांना तो लागतो त्यांनी. तेच आपल्या रस्त्याला लावा. पुणे-नारायणगाव पाऊणशे किलोमीटर, जाऊन-येऊन दीडशे, नऊ रुपयांनी १३५०, तिघांत प्रत्येकी ४५०. पुढचे शंभर, दोन्ही वेळचे दोनशे, १८००, चौघांत प्रत्येकी ४५०. पुण्याच्या तिघांचे नऊ-नऊशे, नारायणगावकराचे साडेचारशे. गणित पाचवीतलं आहे. अवघड आहे ते गाडीत बसल्यावर तोंड उघडणं.

ताडोब्याला वन्यजीव छायाचित्रण करणाऱ्यांत हाच पेच उलटा होऊन येतो. तिथे सफारीसाठी अख्खी जिप्सी गाडी घ्यावी लागते, आणि तीत सहा पर्यटक बसू शकतात. मोठ्या लेन्सवाल्याला मात्र कोपर हलवायला जागा हवी असते, म्हणून तो म्हणतो, 'चौघंच जाऊ, आरामात.' त्याचा आराम चौघांत वाटला जातो. नुसता वाघ बघायला आलेल्याला सहावा माणूस चालला असता, पण त्याला कोण विचारतो? ज्याला रिकामी सीट हवी त्याने ती विकत घ्यावी, बस.

आता टांगाऱ्याकडे परत येतो, कारण त्याचा निकाल लावल्याशिवाय वरचं काहीच टिकत नाही. मला वाटतं नियम असा हवा: गाडीच्या भाड्यात 'आला तो' धरायचा नाही, 'हो म्हणाला तो' धरायचा. ज्या क्षणी त्याच्या होकारावर विसंबून मोठी गाडी ठरली, त्या क्षणी ती सीट त्याची झाली. तो बसला नाही हा त्याचा प्रश्न. जेवणाचे पैसे त्याच्याकडून घेऊ नयेत, हे उघड आहे, पण त्यालाही एक अपवाद आहे, तो शेवटी सांगतो. त्याने स्वतःच्या जागी दुसरा माणूस आणला तर तो मोकळा.

यावर लगेच विचारलं जातं, 'आणि आई आजारी पडली तर?' प्रश्न रास्त आहे. आई आजारी पडणं हा त्याचा दोष नाही. पण तो उरलेल्या आठांचाही नाही. नुकसान झालेलं आहे आणि ते कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे. मग ते कुणाच्या, हे आठ जणांनी ठरवावं, आपोआप ठरू नये. 'याच्या घरी अडचण आहे, याचे ७५० आपण वाटून घेऊ' असं आठ जण म्हणाले तर प्रत्येकाला ९४ रुपये पडतात आणि ते कुणीही हसत देईल. तेच न विचारता बिलात मिसळून आलं की ९४ रुपयेसुद्धा टोचतात. औदार्य हे देणाऱ्याने करायचं असतं. घेणाऱ्याने ते परस्पर उचललं तर त्याला दुसरा शब्द आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. जुने ट्रेकर म्हणतात, 'आम्ही वीस वर्षं फिरलो, कधी कागद-पेन्सिल काढली नाही.' खरं आहे. पण ती माणसं ठरलेली होती. तेच सहा-सात जण महिन्याआड भेटायचे. आज याने गाडी काढली, पुढच्या वेळी त्याने शिधा आणला, तिसऱ्याने स्वतःच्या पैशाने दोर घेतला. हिशेब तिथेही होताच, फक्त तो वर्षानुवर्षं फिरत राहायचा आणि आपसूक फिटायचा. आजचा ग्रुप मोबाइलवर जमतो. बारांतल्या पाच जणांची एकमेकांशी ओळख गाडीत होते, आणि त्यातले तीन पुन्हा कधी दिसत नाहीत. त्यांच्यात उपकार फिटायला वेळच मिळत नाही. जुन्या मंडळींनी खुशाल बिनहिशेबी राहावं. चहा तर आम्हीही फिरतीवरच पितो, आणि जो घोटाघोटाचा जमाखर्च लिहितो त्याच्याबरोबर मलाही डोंगर चढायचा नाही.

ऐपतीचा प्रश्न उरतोच. पगारानुसार वर्गणी घ्यावी असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. कुणाचा पगार किती हे ट्रेकला विचारायचं, आणि मग कमी पगाराच्याने दिवसभर उपकाराखाली चढायचं? ऐपतीचा विचार व्हायला हवा तो बेत ठरवताना. कळसूबाईला जायचं तर मुंबईहून कसारा लोकल आहे, दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नासाच्या आत. पुढे पायथ्याच्या बारी गावापर्यंत जीप. हाच बेत एसी गाडी आणि तंबूतल्या मुक्कामाने केला तर शिखर तेवढंच उंच राहतं, १६४६ मीटर, पण खर्च कितीतरी पटींनी वाढतो. ग्रुपमधल्या सर्वांत हलक्या खिशाला झेपेल असा बेत आखावा, आणि ज्याला त्याहून जास्त सोय हवी त्याने फरक स्वतः भरावा. हिशेबाच्या टेबलावर अन्याय झाला असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो आठ दिवस आधी, कुणीतरी 'गाडीच करू ना' म्हणाला तेव्हाच झालेला असतो. आणि तेव्हा नाही म्हणायला तो कॉलेजातला मुलगा कचरतो.

एसटीने जाणाऱ्यांत गेल्या काही वर्षांत एक गमतीदार वाद निघू लागला आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. सहा जणांत तीन मुली असल्या की एकूण तिकिटांत चांगलीच बचत होते. मग ती बचत सगळ्यांची की त्यांची? आमच्यात एकाने सगळी तिकिटं एकदम काढली आणि रक्कम सहांनी भागली. मुलींना अर्ध्याऐवजी पाऊण तिकीट पडलं, मुलग्यांनाही पाऊण. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण एकीने विचारलं, 'म्हणजे माझी सवलत तू घेतलीस?' गाडीत शांतता पसरली. तिचं बरोबर होतं. ती सवलत राज्याने बाईला दिली, तिच्या शेजारी बसलेल्याला नाही.

खजिनदाराबद्दल दोनच वाक्यं. घाटमाथ्यावरच्या पुष्कळ गावांत रेंज नसते, ऑनलाइन पैसे जात नाहीत, म्हणून रोख खर्च एकट्याच्या अंगावर पडतो आणि मग तो आठवडाभर 'भावा, राहिले होते' असे मेसेज टाकत बसतो. आगाऊ रक्कम गोळा केल्याशिवाय गाडी हलता कामा नये, आणि उरलेले पैसे परत देताना खर्चाची यादी सगळ्यांना दिसायला हवी.

आता टांगाऱ्याच्या जेवणाच्या पैशांचा तो अपवाद. आपण हे सगळं बारा जणांच्या आत बघतोय, आणि या वाटणीत एक माणूस बसतच नाही. आपण फोन करून सांगतो, 'मावशी, बारा जण आहोत, रात्री पिठलं-भाकरी.' पाचनईत दुपारपासून पीठ मळलं जातं, चुलीला लाकूड लागतं, ठेचा वाटला जातो. थाळीचे दोनशे धरले तर बारांचे चोवीसशे. आपण आठ जण पोचतो आणि आठ थाळ्यांचे सोळाशे देतो. वर 'बाकीचे टांगारू निघाले' म्हणून हसतो. शहरातल्या गाडीवाल्याला आपण पूर्ण नऊ हजार दिलेले असतात, कारण तो सोडणार नसतो. मावशी सोडते. आठशे रुपयांची टांग तिला बसलेली असते, आणि तीही भिडस्तच.

त्या रात्री मी विचारलं होतं, चार थाळ्यांचं काय करायचं. ती म्हणाली, 'राहू द्या दादा, तुम्ही कुठं मुद्दाम केलं.' सकाळी निघताना तिने उरलेल्या भाकऱ्या कागदात बांधून हातात दिल्या, गडावर भूक लागेल म्हणून. आम्ही त्या गडावरच्या तारामती शिखराच्या वाटेवर खाल्ल्या. पैसे विचारायचे कुणाला सुचलं नाही. हिशेबाची वही तेव्हा माझ्याच खिशात होती.